सीआरपीवर वहीम घेणारा माणूस

शेटे सरांचा कशावरच लवकर विश्वास बसायचा नाही. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं. मी पाटोदा म्हणालो. पाटोद्यात कुठं, म्हणाले. बाजारतळाजवळ, मी म्हणालो. त्यांनी माझ्यासमोरच फोन काढला, पाटोद्यातल्या कुठल्याशा किराणा दुकानदाराला लावला आणि बाजारतळाजवळ अमुक आडनावाचं घर आहे का ते विचारून घेतलं. घर निघालं. तरी फोन खिशात ठेवताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की आपण पाटोद्याचे नसूही, असं मलाच वाटायला लागलं.

बीडमधल्या एका खासगी हॉस्पिटलात ते आयसीयूचे मोठे डॉक्टर होते आणि मी त्यांच्या हाताखाली आरएमओ. आरएमओ म्हणजे दिवसभर पेशंटपाशी थांबणारा, सलाईनपासून नातेवाइकांच्या शिव्यांपर्यंत सगळं झेलणारा डॉक्टर. माझी डिग्री आयुर्वेदाची, म्हणून सर मला 'वैद्य' म्हणायचे. त्यात टोमणा किती आणि माया किती हे मला कधी नीट कळलं नाही. कळावं असा त्यांचा प्रयत्नही नव्हता.

दिसायला बुटके, अंगानं सुटलेले, कपाळावर सकाळच्या विभूतीच्या पुसट रेघा. स्कूटरला दोन कुलपं लावायचे आणि वर येऊन खिडकीतून ती जागेवर आहे ना ते बघायचे. डबा घरचाच, चहा मात्र कँटीनचा, पण आधी दुसरं कुणीतरी तो पिऊन जिवंत राहिलेलं हवं. हॉस्पिटलच्या दारात एक बाई सीताफळं घेऊन बसायची. सर जिना उतरताना दिसले की ती टोपलीवर पदर टाकायची, कारण ते एकेक फळ दाबून बघायचे, देठ हुंगायचे आणि शेवटी काहीच न घेता निघून जायचे. पाठीमागं सगळा स्टाफ त्यांना 'वहिमी सर' म्हणायचा. त्यांना ते माहीत होतं. कोण म्हणतं याचाही त्यांना वहीम होता, आणि तो बहुतेक वेळा खरा असायचा.

हा संशय त्यांनी धारूरहून आणला होता. घरचं किराणा आणि धान्याचं दुकान. वडील लवकर गेले, तेव्हा थोरले भाऊ मन्मथअप्पा शाळा सोडून गादीवर बसले आणि त्यांनी धाकट्याला डॉक्टर केलं. सर सांगायचे की आमच्या दुकानात पोतं आलं की अप्पा वरचं धान्य बघतच नाही, बाही वर सारून कोपरापर्यंत हात खुपसतो आणि तळातली मूठ काढतो. सुट्टीत सरही तेच काम करायचे. पुढं आयुष्यभर तेच केलं, फक्त पोत्याच्या जागी माणूस आला.

करोनानंतर आमच्याकडं एक नवीनच चाल पडली होती. पूर्वी नातेवाईक विचारायचे, पेशंट जेवला का, बोलला का. आता विचारायला लागले, सीआरपी किती आला? शरीरात जंतूंनी कुठं आग लावली, कुठं सूज धरली, की रक्तात हा सीआरपी वाढतो. त्याचाच महागडा भाऊ म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन, आम्ही त्याला नुसतं 'प्रोकॅल' म्हणतो. पेशंट किती बिघडलाय, वाचण्याची आशा किती, याचा अंदाज बांधायला हे आकडे कामाला येतात. अंदाज बांधायला. पण बाहेरच्या बाकड्यांवर त्यांचा कापसाच्या भावासारखा बोभाटा व्हायचा. रिपोर्ट मोबाईलवर आला की पुण्याच्या भाच्याला जायचा, भाचा मेडिकल लाईनचा असायचा, आणि आत आम्ही तोंड उघडायच्या आधी बाहेर निकाल लागलेला असायचा. कमी आला तर नारळ फुटायचा आणि जास्त आला तर बायका रडायला लागायच्या.

सरांना याचा भयंकर राग होता. एका म्हाताऱ्याला ते समजावत होते ते मी ऐकलंय. "आज्या, सीआरपी म्हणजे गावातला बोंबल्या. आग लागली तरी बोंबलतो आन् वरात आली तरी बोंबलतो. त्याचं ऐकून बादली घेऊन पळायचं का?" म्हातारा मान डोलवून म्हणाला, ते समदं खरं, पण आज किती आला? सर पुढच्या बेडकडं गेले.

त्यांची स्वतःची एक रीत होती. दुपारी रिपोर्ट यायचे. ते उघडायच्या आधी सर मला बेडपाशी उभं करायचे, आयसीयूतली मंगल सिस्टर पायांवरची चादर बाजूला करायची आणि सर विचारायचे, गुडघे काय म्हणतात? रक्ताभिसरण खचलं की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, हातपाय वाऱ्यावर सोडतं. मग गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटते, पाय गार लागतात. मी गुडघे बघायचे, हात लावायचा आणि मोठ्यानं सांगायचं: आकडा कालच्यापेक्षा कमी येणार की जास्त. त्यानंतरच रिपोर्ट उघडायचा. आधी आकडा बघितला तर डोळे त्या आकड्याची चाकरी करायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला माझे अंदाज इतके चुकायचे की मंगल सिस्टर तोंडाला पदर लावावा तसा मास्क वर ओढून हसायची. हळूहळू सुधारले. सरांनी त्याबद्दल कधी शाबासकी दिली नाही, उलट रिपोर्ट आधीच बघून येतोस काय, म्हणून एकदा माझा फोन तपासला.

तपासण्यांच्या विरुद्ध मात्र ते नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी त्यांना जुन्या वळणाचा डॉक्टर ठरवलं. एकदा प्रोकॅलचं किट विकणारा प्रतिनिधी आला होता. टाय लावलेला, गोड बोलणारा. पेशंट वाचणार की नाही ते या तपासणीतून समजतं, असं तो सांगत होता. सरांनी त्याला दारातच उभं करून विचारलं, मग आतल्या पेशंटांतलं कोण घरी जाणार ते इथूनच सांगा, आत यायची गरज न्हाई. पोरगं घामाघूम झालं. तो गेल्यावर सरांनी ती तपासणी चालू करायला सांगितली. मी चकित झालो. ते म्हणाले, साक्षीदार आहे, साक्षीला बोलवायचा, उलटतपासणी घ्यायची.

ती उलटतपासणी काय चीज आहे हे मला एका बाईच्या वेळी कळलं. नारायणगडाकडच्या एका वाडीतली बाई, कावीळ होऊन बेशुद्धीत आलेली. पहिल्या दिवशी सीआरपी भरपूर. मग तो उतरायला लागला, चांगला उतरला. तिच्या दिरानं गडावर नवस बोलला होता, तो पेढे घेऊनच आत आला. सगळ्यांना एकेक वाटला. सरांच्या हातावर पेढा ठेवला, तो त्यांनी तसाच टेबलावर ठेवला आणि चादर बाजूला करायला सांगितली. मग मला म्हणाले, "वैद्या, सीआरपी कुठं तयार होतो?" मी म्हणालो, लिव्हरमध्ये. "हिचं लिव्हर कुठं राहिलंय? कारखाना बंद पडला की धुराडं बी बंद होतं. म्हणून हवा चांगली झाली म्हणायची का?" हे त्यांनी दिराच्या देखत म्हटलं. त्या माणसाच्या हातात पेढ्यांचं खोकं तसंच राहिलं. बाई त्याच संध्याकाळी गेली. सर बरोबर होते आणि मला त्यांचा राग आला होता, कारण त्या घरच्यांना एक दुपार तरी आनंदात काढू द्यायला काय हरकत होती. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. त्या दिवशी त्यांनी चहा मात्र घेतला नाही.

पण त्यांची एक गोष्ट अशी होती की तिच्यासाठी लोक त्यांना मानायचे. आमच्या भागात माणूस हाताबाहेर गेला की नातेवाईक एकच विचारतात, साहेब, घरी न्यावं का? जीव आपल्या दारात जावा, तोंडात पाणी आपल्या माणसानं घालावं, एवढीच इच्छा असते. बरेच डॉक्टर या प्रश्नाला बगल देतात. शेटे सर देत नसत. आकडे आणि गुडघे एकच बोलायला लागले, दोन्ही साक्षी जुळल्या, की ते बाहेर येऊन नातेवाइकांसमोर बसायचे आणि स्पष्ट सांगायचे, न्या, माणसांत जाऊ द्या. मग ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजनचं सिलिंडर, आणि सरांनी ड्रायव्हरला दिलेली सूचना, गाडी सावकाश ने. अशी कितीतरी माणसं त्यांनी घरी पाठवली. लोक पुढं भेटले की हात जोडायचे.

मग मन्मथअप्पाच आले.

त्यांना साखरेचा जुना त्रास होता. मूत्रनळीत खडा अडकून किडनीत पू झाला होता आणि विष रक्तात पसरलं होतं. सर्जननं नळी टाकून पू काढला. काम चांगलं झालं होतं, पण अप्पांचा रक्तदाब औषधांवरसुद्धा टिकेना, लघवी पूर्ण बंद. दुसऱ्या दिवशी सीआरपी, प्रोकॅल, पांढऱ्या पेशींचं प्रमाण, सगळंच आदल्या दिवसापेक्षा वाईट आलं. सरांनी त्या दिवशी मला अंदाज विचारला नाही. रिपोर्ट स्वतःच उघडला, स्वतःच मिटला.

बाहेर अप्पांचा मुलगा विश्वनाथ बसला होता. तोच आता दुकान बघतो. शांत, हिशोबी माणूस, काकांना देव मानणारा. त्याच्यासोबत धारूरची पाचपंचवीस माणसं. ॲम्ब्युलन्स खाली येऊन थांबली होती, गावातल्या जंगमांना, म्हणजे त्यांच्या पुरोहितांना, निरोप गेला होता, कारण शेट्यांच्यात माणूस गेला की त्याला बसवून, विभूती लावून नेतात, आणि ते सगळं घरच्या ओसरीवर व्हावं असं अप्पांनी स्वतः सांगून ठेवलेलं होतं. विश्वनाथ आत आला आणि बापाच्या उशाशी उभा राहिला. सरांची रीत त्याला पाठ होती, दुकानात बसून काकांनीच ती कैकदा सांगितली होती.

"काका, गुडघे बघितले का?"

सर म्हणाले, "बघितले. गरम हायेत."

मी पलीकडं उभा होतो. थोड्याच वेळापूर्वी चादर मीच बाजूला केली होती. अप्पांचे दोन्ही गुडघे जांभळे पडले होते, ती जाळी पार मांडीपर्यंत चढली होती, आणि पाय गार होते. सरांनी ते पाहिलं होतं आणि चादर स्वतःच्या हातानं नीट खोचून टाकली होती. मंगल सिस्टरनं माझ्याकडं बघितलं आणि ती औषधांच्या कपाटाकडं वळली.

विश्वनाथनं मग रिपोर्टचं विचारलं. त्याच्या मोबाईलवर सगळं आलेलंच होतं. सर समजावायला लागले की किडनी बंद असली की प्रोकॅल लवकर उतरत नाही, शिवाय नळी टाकल्यावर आकडा आधी वर जातोच. हे सगळं खरं आहे, पुस्तकात आहे. पण इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर मला कळत होतं की हा माणूस आज साक्षीदाराला पढवतोय. विश्वनाथलाही ते कळलं असावं. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, एक ईचारू का? परक्याचा पेशंट असता तर तुमी काय म्हणला असता?"

सरांनी खोचलेली चादर पुन्हा खोचली. विश्वनाथच पुढं म्हणाला, "अप्पांनी मला हात धरून सांगितलंय, दवाखान्यात मरू देऊ नको. आन् ते हितंच गेले तर मी गावाला काय सांगू?"

"उद्यापर्यंत थांब."

"कावून?"

"मी म्हणतो म्हणून."

मला त्या क्षणी शेटे सरांचा संशय आला. आयुष्यात पहिल्यांदा. वाटलं, हा माणूस आता भावाचे हाल करणार, त्याची शेवटची इच्छासुद्धा पुरी होऊ देणार नाही, आणि कशासाठी, तर स्वतःला सोडवत नाही म्हणून. मला वाईट वाटत होतं आणि लाजही वाटत होती, त्यांच्या वतीनं. ॲम्ब्युलन्सवाला सारखा वर येऊन विचारत होता. शेवटी विश्वनाथनं त्याला परत पाठवलं. त्यानं आम्हा कुणाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल सिस्टरनं सरांना हाक मारली. अप्पांच्या लघवीच्या पिशवीत थोडी लघवी उतरली होती, म्हणजे बंद किडनी चालू व्हायला लागल्याची पहिली खूण. सरांचा पहिला प्रश्न काय, तर ही पिशवी शेजारच्या बेडची तर नाही ना. सिस्टर चिडली. सरांनी पिशवी रिकामी करून घेतली आणि स्टूल ओढून समोर बसले. पुन्हा उतरली. मग जास्त उतरली. मग औषधं कमी करता आली, गुडघे निवळले, आकडे मागाहून सावकाश उतरले. अप्पा आयसीयूतून वॉर्डात गेले आणि वॉर्डातून काठी टेकत धारूरला. जाताना विश्वनाथ सरांच्या पाया पडायला वाकला तेव्हा सरांनी पाय मागं ओढून घेतले. मला ते विनयाचं वाटलं.

त्यानंतर लवकरच सरांनी आयसीयूचं काम सोडलं. राजीनामा दिला, कुलपं काढली, स्कूटर घेऊन गेले. मागं चर्चा झाल्या. कुणी म्हणालं मालकांशी बिनसलं, कुणी म्हणालं हृदयाचा त्रास आहे, कुणी म्हणालं पुण्याला मुलाकडं जाणार. वहिमी माणसाबद्दल सगळ्यांना वहीम. मला एकही कारण पटलं नाही.

पुढच्या साली एका लग्नासाठी धारूरला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. शेट्यांचं दुकान शोधावं लागलं नाही. गल्ल्यावर मन्मथअप्पा, अंगानं निम्मे झालेले पण आवाज खणखणीत, आणि आत पोत्यांच्या थप्पीला टेकून सर बसलेले. अप्पांनी मला गूळ-शेंगदाणे दिले आणि भावाकडं बोट दाखवून तक्रार केली की हा दिवसभर बसून माझ्याकडं असा बघतो की जणू मी खोटा माल हाय. सर हसले नाहीत.

अप्पा गिऱ्हाइकात गुंतले तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले, "वैद्या, त्या दिवशी मी खोटं बोललो, तुला माहीत हाय."

मी हो म्हणालो. वर म्हणालो, पण अप्पा वाचले ना.

"मला काय ठाऊक होतं का तो वाचणार? मला तर तो गेलाच वाटत होता. परक्याचा असता तर सकाळीच गाडीत घातला असता." त्यांनी गल्ल्यावरच्या अप्पांकडं पाहिलं. "तसलेच आकडे, तसलेच गुडघे. किती माणसं पाठवली रे मी घरी. चांगल्या मनानं पाठवली. त्यातलं एखादं वाचलं असतं का?"

मी म्हणालो, सर, अप्पा एखादेच. बाकीचे दवाखान्यात ठेवूनही गेलेच असते, बहुतेक. हे मी धीर द्यायला बोललो नव्हतो, मला ते खरंच वाटत होतं आणि आजही वाटतं.

"कशावरून?" ते म्हणाले.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा येऊन बसला. धोतर, डोक्याला पंचा, बाजाराची पिशवी. आत नजर गेली तसा तो उठून पुढं आला आणि त्यानं सरांना वाकून हात जोडले. त्यानं ओळख सांगितली. त्याच्या म्हातारीला बीडला नेलं होतं, सरांनीच खरं काय ते सांगितलं होतं आणि घरी न्यायला लावलं होतं. लई उपकार झाले, तो म्हणाला, लेकीबाळींत गेली, सगळ्यांच्या हातचं पाणी पिऊन गेली. त्याच्या बोलण्यात नुसती कृतज्ञता होती. बाजारात सर दिसावेत म्हणून तो दर आठवड्याला या दुकानावरून चक्कर मारत होता म्हणे.

सर उठून उभे राहिले. ते त्याच्या अगदी जवळ गेले. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवतील.

"बाबा, एक आठवून सांगा," ते म्हणाले. "गाडीत, न्हाईतर घरी गेल्यावर, तिला लघवी झालती का? लुगडं ओलं झालतं का?"

म्हातारा गोंधळला. त्यानं पिशवी खाली ठेवली, पंचा सारखा केला, खरंच आठवून बघितलं.

"झालतं जणू, साहेब," तो म्हणाला. "सुनंनं बदललं व्हतं. कावून ईचारता?"